तिची आई कुठे आहे?

आमच्या वाचनमंडळाला अजून नाव नाही. मुंब्र्यातल्या एका इमारतीतल्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या आम्ही तेरा जणी. सर्वांत धाकटी चौदा वर्षांची, सर्वांत मोठ्या दादी सत्तरी ओलांडलेल्या. महिन्यातून एका रविवारी जोहरनंतर जमायचे आणि असरची अजान होईपर्यंत बोलायचे, एवढाच नियम. पहिली दोन वर्षे आम्ही मराठी कथा, उर्दू अफसाने आणि थोडी प्रवासवर्णने वाचली. यंदा मुलींनी हट्ट धरला की वर्षभर 'स्पेस ऑपेरा' वाचायचे, आणि तेही नायिका असलेलेच.

ही पुस्तके सगळी इंग्रजीत. आमच्यातल्या निम्म्या जणींना इंग्रजी कादंबरी वाचणे जमत नाही. त्यावर तोडगा निघाला तो असा: पुस्तकाचे चार भाग करायचे, चार मुलींनी एकेक भाग वाचून यायचा आणि मराठीत सांगायचा. बाकीच्यांनी ऐकायचे, अडवायचे, प्रश्न विचारायचे. एक प्रत विकत घ्यायची, शक्यतो फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी. नाहीच मिळाली तर कुणाच्या तरी फोनवर.

'ऑपेरा' म्हटल्यावर एका खालांना वाटले, हे गाण्याबजावण्याचे काहीतरी असणार. तसे काही नाही. १९४१ मध्ये विल्सन टकर या अमेरिकन लेखकाने हा शब्द काढला, आणि काढला तो टिंगल म्हणून. अमेरिकेत रेडिओवर साबण कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रडक्या कौटुंबिक मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणत. त्यावरूनच यानांच्या, साम्राज्यांच्या, त्याच त्या लढायांच्या घासून गुळगुळीत झालेल्या गोष्टींना त्याने 'स्पेस ऑपेरा' म्हटले. पुढे ती शिवी पुसली गेली आणि शब्द राहिला. अनेक ग्रह, त्यांच्यातला व्यापार, दरबारातली कारस्थाने, अजस्र जहाजे आणि भरपूर धावपळ. विज्ञानाचा काटेकोर हिशोब त्यात मागू नये. हे सगळे ऐकून दादी म्हणाल्या, "मग हे तिलिस्म-ए-होशरुबाच की!" त्यांच्या लहानपणी घरात रात्री ते वाचले जायचे. १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून निघालेल्या त्या जाडजूड खंडांत माहरुख आणि बहार या जादूगारणी फौजा घेऊन उतरतात, हे त्यांना अजून आठवते. दादींनी एकदा असे म्हटल्यावर या विषयाला परके म्हणण्याची सोयच उरली नाही.

नायिकेचा आग्रह मुलींनी का धरला, तेही सांगायला हवे. या प्रकारातली सुरुवातीची गाजलेली कादंबरी म्हणजे ई. ई. स्मिथ यांची 'द स्कायलार्क ऑफ स्पेस', १९२८ मध्ये मासिकातून आलेली. (हे गृहस्थ रसायनशास्त्राचे डॉक्टर होते आणि नोकरी करत होते ती डोनटच्या तयार पिठांवर! आमच्यातल्या बेकरीवाल्या भाभींना ही एकच गोष्ट फार आवडली.) त्या कादंबरीत बाई आहे, पण ती पळवून नेण्यासाठी आणि मग सोडवून आणण्यासाठी. पुढची कित्येक दशके हेच चालले. मुलींचे म्हणणे एवढेच होते की सोडवून आणल्या जाणाऱ्या बायका आम्ही खूप पाहिल्या. आता जहाज चालवणारी दाखवा.

मुलींनी चौदा पुस्तकांची यादी आणली. वर्षात आमची जेमतेम सहा होतात, म्हणजे आठ गाळायची होती. रक्तपात आणि खासगी प्रसंग यांबद्दलची वडीलधाऱ्यांची काळजी अर्ध्या तासात मिटली. मोठ्या मुलीने आधी वाचायचे आणि जे चारचौघांत सांगण्यासारखे नाही ते दोन वाक्यांत आटपायचे. खरा वाद त्यानंतर सुरू झाला. प्रत्येक पुस्तकाची थोडक्यात गोष्ट सांगून होत होती, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या आपा दर वेळी एकच प्रश्न विचारत होत्या, "पण हिची आई कुठे आहे?"

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. पाचव्यांदा कुणी हसले नाही. यादीतल्या बऱ्याच नायिका अनाथ निघाल्या. कुणाचे घर पहिल्याच प्रकरणात जळाले होते, कुणाच्या घरच्यांचा उल्लेखच नव्हता. कारण उघड आहे, लेखकाची सोय. जिला आई आहे तिला दोन पानांत पृथ्वी सोडता येत नाही. आई विचारणार, कुणाबरोबर चाललीस, परत कधी येणार, तिथे जेवणाचे काय? आपांचे म्हणणे होते, "घरातून निघायला काय लागतं हे ज्या पुस्तकाला ठाऊक नाही, ते मुलीबद्दल काय सांगणार?" त्यावर अकरावीतली एक मुलगी ताडकन म्हणाली, "मुलांच्या गोष्टीत कुणी विचारतं का, त्याची आई कुठे आहे म्हणून?" हाही प्रश्न खोटा नव्हता. त्याचे उत्तर आमच्यापाशी आजही नाही. पण चाळणी म्हणून आपांचा प्रश्न चांगला निघाला आणि यादी तिच्यातूनच गेली.

चाळणीतून सगळ्यात आधी निघाले ते सी. जे. चेरी यांचे 'द प्राइड ऑफ चानूर'. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचे पुस्तक. लेखिकेचे आडनाव साधे 'चेरी', पण ते प्रेमकथा लिहिणारीचे वाटेल म्हणून प्रकाशकाच्या सांगण्यावरून त्याच्या शेवटी एक न उच्चारला जाणारा 'एच' जोडला गेला, आणि बाईचे नाव कळू नये म्हणून पुढे नुसती आद्याक्षरे. नायिका प्यानफर ही माणूस नाहीच. 'हानी' नावाच्या सिंहासारख्या जमातीची ती, व्यापारी जहाजाची कप्तान. हानींमध्ये बायका अंतराळात जातात आणि पुरुष घरी राहतात, कारण पुरुष रागीट, त्यांना एवढ्या लांब पाठवणे धोक्याचे, असा त्यांचा पक्का समज! जहाजावरच्या सगळ्या जणी एकाच खानदानातल्या आणि त्यांत एक तरुण मुलगी आहे, हिल्फी. ती कप्तानच्या भावाची मुलगी. म्हणजे कप्तान तिची फुफी.

हे कळल्यावर खोलीत जी खसखस पिकली ती बराच वेळ थांबली नाही. आमची बहुतेक घरे मूळची कोकणातली, रत्नागिरी-रायगडकडची. आमच्याकडे पुरुष जहाजावर जायचे. कुणाचे आजोबा बोटीच्या इंजिनखोलीत होते, कुणाचे सासरे खलाशी. बायकांनी पत्राची वाट पाहायची, मनीऑर्डर आली की उधारी चुकवायची आणि माणूस परत आला की दोन महिने त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यायची. इथे सगळे उलटे. बायका मालाचे भाव करतात, बंदराचे शुल्क भरतात, गोदीतल्या भांडणात अडकतात; आणि घरी भाऊ, नवरा संकटात आहेत म्हणून जीव तोडून परततात. दादींनी शांतपणे विचारले, "माल अडकून पडला तर त्या खलाशांचा पगार कोण देतं?" मुलींना उत्तर माहीत नव्हते. पण पुस्तकात हा हिशोब खरोखर आहे. जहाज पळाले, माल मागे टाकावा लागला, तर नुकसान कसे भरून काढायचे ही चिंता प्यानफरच्या डोक्यातून हलत नाही. ज्या घरांनी गोदीचा पगार खाल्ला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या सगळ्यांत यशस्वी बैठका याच पुस्तकाच्या झाल्या.

'बिंती'वर मात्र रण माजले.

नेडी ओकोराफोर या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची ही छोटी कादंबरी, २०१५ची. तिला ह्यूगो आणि नेब्युला असे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. छोटी, म्हणून मुलींना हवीच होती. बिंती ही नामिबियातल्या हिंबा लोकांची सोळा वर्षांची मुलगी, गणितात विलक्षण. तिचे वडील ॲस्ट्रोलॅब बनवणारे, आणि ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. दूरच्या ग्रहावरच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळतो. तिच्या लोकांतून तिथे बोलावणे आलेली ती पहिलीच. घरच्यांचा साफ नकार. मग ती पहाटे सगळे झोपलेले असताना, कुणाला न सांगता निघते.

'बिंत' हा शब्द आमच्या बायकांना निकाहाच्या कागदावरून पाठ: अमुक बिंत अमुक. अरबीत 'बिंती' म्हणजे माझी मुलगी. ॲस्ट्रोलॅब म्हणजे आपले उस्तुरलाब, ताऱ्यांवरून वेळ आणि दिशा काढण्याचे यंत्र. दहाव्या शतकात हलब शहरात, सैफ-उद-दौलाच्या पदरी उस्तुरलाब बनवणारी एक बाई होती. इब्न अन-नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये तिची नोंद अल-इज्लिया अशी आहे. तिचे वडीलही त्याच कामातले आणि दोघे एकाच उस्तादाचे शागीर्द. आपांनी हे सांगितले तेव्हा सगळ्यांना फार छान वाटले. तरीही भांडण टळले नाही.

कारण भांडण पुस्तकावरून नव्हतेच. आमच्यातल्या एका मुलीने त्याच वर्षी बारावी केली होती आणि तिला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता. अब्बा तयार होते. आई तयार नव्हत्या, आणि त्या आमच्यातच बसत होत्या. त्या म्हणाल्या, "दुसरं कुठलंही पुस्तक घ्या. पळून गेलेल्या मुलीला तुम्ही बक्षीस देताय, आणि तेही आत्ता." मुलगी खाली मान घालून बसली होती. एक-दोघींना आईंचे पटले. मुलींना ही सरळसरळ बंदी वाटली. आपांनी मध्यममार्ग काढला: घ्यायचे तर दुसरा भागही घ्यायचा. त्या दुसऱ्या भागात बिंती घरी परत येते आणि स्वागताच्याच बैठकीत तिला बोल ऐकावे लागतात. निघून जाण्याची किंमत तिथे मोजली जाते, मिटवून टाकली जात नाही. एवढ्यावर आई राजी झाल्या.

घर सोडण्याचा भाग सांगायला त्याच मुलीचा नंबर आला. आम्ही तो बदलून देऊ केला, तिने नको म्हटले. तिने नीट सांगितला. बिंती अंगाला आणि केसांना माती-तेलाचा लेप लावते, 'ओत्जिझे'. ती तिच्या लोकांची रीत, तिची ओळख. अंतराळतळावर रांगेतली एक परकी बाई तिची वेणी ओढून बघते. इथे कॉलेजला जाणाऱ्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले. लोकलमध्ये ओढणीवरून येणारे प्रश्न त्यांना नवे नाहीत. मग आईंनी विचारले, "तिने निरोप का नाही घेतला?" मुलगी म्हणाली, "घेतला असता तर जाऊ दिलं असतं का?" त्यानंतर बराच वेळ कुणीच बोलले नाही. शेवटी दादींनी चहा ठेवायला सांगितला.

ती मुलगी त्या पावसाळ्यात ठाण्याहून विदर्भ एक्सप्रेसने नागपूरला गेली. सगळ्यांना सांगून गेली, आई स्टेशनवर होत्या. हे पुस्तकामुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. फीची सोय झाली, होस्टेलमध्ये जागा मिळाली, आणि नागपुरात तिच्या मामी आहेत, या तीन गोष्टींचे वजन कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त होते. मात्र आईंनी दुसऱ्या भागाची बैठक चुकवली नाही, आणि परत आलेल्या मुलीला बोल लावणाऱ्या घरच्यांवर त्या आम्हां सगळ्यांपेक्षा जास्त चिडल्या.

'अँसिलरी जस्टिस' आपांच्या चाळणीतून जायला नको होते. ॲन लेकी यांच्या २०१३च्या या कादंबरीतल्या नायिकेला, ब्रेकला, आई असणे शक्यच नाही. ती पूर्वी एक युद्धनौका होती. नौकेची बुद्धी एकाच वेळी हजारो शरीरांतून वावरायची. घातपातात सगळे गेले, एक शरीर उरले. तरी मुलींनी ते घुसवले आणि आम्हाला त्याचा पस्तावा नाही. त्या साम्राज्याच्या भाषेत स्त्री-पुरुष असा भेदच नाही, म्हणून लेखिकेने इंग्रजीत सर्वांनाच 'शी' म्हटले आहे. समोरचा पुरुष आहे की बाई, हे वाचकाला बहुधा कळतच नाही. इंग्रजीत हे निभते. मराठीत सांगायला बसल्यावर मुलीची तारांबळ उडाली, कारण आपल्याकडे क्रियापदसुद्धा चुगली करते. त्यातून गोष्ट सांगणारी स्वतः ब्रेक. आता तिने 'मी गेलो' म्हणावे की 'मी गेले'? दोन्हींत काहीतरी खोटे होते.

मुलीने शेवटी काय केले? जिथे ब्रेक नौका असतानाच्या आठवणी सांगते, तिथे तिने सरळ 'आम्ही' वापरले. 'आम्ही गेलो, आम्ही पाहिले.' मराठीत 'आम्ही गेलो' बायकाही म्हणतात आणि पुरुषही. शिवाय ती खरोखरच एक नव्हती, वीस-वीस शरीरांनी एकाच वेळी पहारा द्यायची. आणि घातपातानंतर, एकटी उरल्यावर, 'मी गेले'. एका शब्दात सगळे नुकसान कळले. खालांनी आठवण करून दिली की जुन्या उर्दू घरांत बायकाही स्वतःला 'हम' म्हणत आणि 'हम आते हैं' असेच बोलत. (त्या साम्राज्यात हातमोज्यांशिवाय चारचौघांत येणे असभ्य आणि चहा पिणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण. चहाच्या बाबतीत आमच्यात एकमत झाले.)

दोन पुस्तके वेळेअभावी पुढच्या वर्षावर गेली. आर्केडी मार्टिन यांचे 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर' हे एक. तीस हजार वस्तीच्या अंतराळस्थानकावरून माहित नावाची तरुणी बलाढ्य साम्राज्यात राजदूत म्हणून जाते. ते साम्राज्य तिचे घर गिळू शकते हे तिला ठाऊक आहे, आणि त्याच साम्राज्याच्या कवितेवर तिचा लहानपणापासून जीव आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, नोकरीला तिसरी असे जगणाऱ्या मुलींना हे पुस्तक लागू पडेल. दुसरे एलिझाबेथ मून यांचे 'ट्रेडिंग इन डेंजर'. व्यापारी घराण्यातल्या काय वाटा या मुलीला लष्करी अकादमी सोडावी लागते आणि घरचे तिला भंगारात काढायचे जहाज सोपवतात. या कादंबरीत आई आहे, वडील आहेत, काका आहेत, आणि कुणालाच खाववत नाहीत असे फ्रूटकेक आग्रहाने बरोबर देणारी एक म्हातारी आत्याही आहे. त्या केकचे पुढे काय होते ते इथे सांगत नाही.

सध्या हातात आहे ते लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांचे 'बरायार', १९९२चा ह्यूगो मिळालेले. नायिका कॉर्डेलिया हिने तिशी ओलांडली आहे. पुढारलेल्या ग्रहावरची माजी कप्तान, लग्न करून बरायार या सरंजामी, तलवारबाज ग्रहावर आलेली. म्हणजे हे सासरचे पुस्तक आहे. ती गरोदर असताना नवऱ्यावर विषारी वायूचा हल्ला होतो. दोघे वाचतात, पण विषावरच्या उताऱ्याने पोटातल्या बाळाची हाडे ठिसूळ होणार असतात. बाळाला पोटातून काढून यंत्राच्या गर्भाशयात वाढवायचे ठरते. सासरे, जुने सरदार, त्याच्या विरोधात उभे राहतात. अपंग वारस त्यांच्या घराण्याला नको आहे, आणि त्या ग्रहावर अशी मुले जन्मतःच मारण्याची जुनी रीत आहे.

यादी करताना हे पुस्तक गाळावे असे आमच्यातल्या बऱ्याच जणींना मनातून वाटत होते. आमच्या एका भाभींचा मुलगा जन्मापासून चालू शकत नाही. आता तो नऊ वर्षांचा आहे, रिक्षाने शाळेत जातो. त्यांच्यासमोर हे कसे बोलायचे? कुणीतरी हळूच म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा भाभीच म्हणाल्या, "का? ठेवा. सासऱ्यांचा भाग मी सांगते." त्यांना इंग्रजी भराभर वाचता येत नाही. म्हणून इशानंतर त्यांची भाची फोनवरून रोज चार-पाच पाने वाचून दाखवते आणि भाभी वहीत मराठीत टिपून घेतात. दादींनी आधीच जाहीर केले आहे की सासऱ्यांच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवे, आणि ते काम त्या करणार आहेत. वही भरत आली आहे. बैठक येत्या रविवारी.